फ्रेमे: एकच शब्द, मग एकदा 'दया' आणि एकदा 'फायदा' कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मध्ययुगीन इंग्रजीतलं एक प्रवचन वाचताना तुम्हांला 'फ्रेमे' हा शब्द लागला, कोशात बघितलं तर त्याच्यापुढे फायदा, लाभ, हित असे अर्थ आणि त्यांच्याच शेजारी दयाळूपणा, उपकार हे पण, आणि आता मराठी करताना कुठला घ्यायचा ते कळत नाहीये, कारण आपल्याकडे दया म्हणजे दया आणि फायदा म्हणजे फायदा, उलट फायदा बघून केलेली दया ही दयाच नाही असं आपण मानतो. प्रश्न फार चांगला आहे. मी गेली बावीस-तेवीस वर्षं जुनं आणि मध्ययुगीन इंग्रजी वाचतेय, शिकवतेय, आणि दर वर्षी वर्गात कोणीतरी याच शब्दाशी अडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उच्चार सांगते, कारण चुकीचा वाचला की पुढचं सगळं डोक्यात नीट बसत नाही. हा 'फ्रेम' नाही, 'फ्रे-मे' आहे, दोन अक्षरं, शेवटचा ए अगदी हलका. जुन्या इंग्रजीत, म्हणजे १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्या आधी, त्याचं रूप होतं 'फ्रेमु', स्त्रीलिंगी नाम. त्याच्या घरात बरीच माणसं आहेत: 'फ्रेम्मन' म्हणजे करणे, तडीला नेणे, पुढे नेणे, 'फ्रमियन' म्हणजे उपयोगी पडणे, फळणे, आणि 'फ्रेम्सुम' म्हणजे दयाळू, कनवाळू. या सगळ्यांच्या मुळाशी आहे 'फ्रम', अर्थ 'पुढे'. आजच्या इंग्रजीतला 'फ्रॉम' तोच, फक्त त्याचा अर्थ 'पुढे' वरून 'पासून दूर' असा सरकला. आणि आपल्या प्रगती, प्रवास, प्रस्थान यांच्या सुरवातीला जो 'प्र' आहे ना, तो पण याच कुळातला, भाषाशास्त्रज्ञ दोघांना एकाच मुळापर्यंत नेतात.

तर 'फ्रेमे' म्हणजे मुळात 'पुढे जाणं', 'पुढे नेणारी गोष्ट'. इथेच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे आणि ते आपल्या मराठीतच पडलंय. आपण म्हणतो बघा, "मामांनी त्याला पुढे आणलं". ही मामांची दया, उपकार, माया काय म्हणाल ते. आणि तोच मुलगा स्वतःबद्दल सांगताना म्हणतो "मी पुढे आलो", हा त्याचा फायदा. घटना एकच आहे, देणाऱ्याच्या बाजूने बघितली तर उपकार आणि घेणाऱ्याच्या बाजूने बघितली तर लाभ. बाराव्या शतकातल्या इंग्रज माणसाच्या डोक्यात 'फ्रेमे'चे दोन अर्थ नव्हतेच, एकच होता. अर्थ एक, अर्थ दोन असे नंबर कोशकारांनी नंतर घातले, त्यांना घालावेच लागतात कारण आजच्या इंग्रजीत त्या सगळ्याला पुरेल असा एक शब्द नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं की लिहिणाऱ्याने पण त्या दोनातला एक निवडला असणार. नसतो निवडलेला, बहुतेक वेळा तरी नाही.

आता उदाहरणं बघू, कारण नुसत्या व्युत्पत्तीवर विश्वास ठेवू नये, शब्द कुठून आला यावरून तो कसा वापरला जायचा हे सिद्ध होत नाही.

सगळ्यात सोपं उदाहरण बायबलचं, कारण एकच वाक्य वेगवेगळ्या शतकांत भाषांतर झालेलं मिळतं. "माणसाने सगळं जग मिळवलं आणि आपला जीव गमावला तर त्याला काय लाभ" हे मत्तयच्या १६ व्या अध्यायातलं वाक्य तुम्हांला माहीत असेल. इ.स. १००० च्या आसपासच्या वेस्ट सॅक्सन (जुन्या इंग्रजीची एक बोली) भाषांतरात त्याची सुरवात होते "ह्वॅत फ्रेमथ" अशी, म्हणजे 'काय फळतं', 'काय पुढे नेतं'. मग १३८० च्या दशकातलं विक्लिफ या इंग्रज धर्मसुधारकाच्या अनुयायांचं भाषांतर काढा, तिथे त्याच जागी 'प्रॉफिटिथ' येऊन बसलाय. साधारण चारशे वर्षं, आणि घरचा शब्द जाऊन फ्रेंच शब्द आला. इथे अर्थ स्वच्छ लाभाचा आहे, दयेचा काही संबंध नाही.

आता दुसरं टोक. सन ५९७ मध्ये रोमहून ऑगस्टीन नावाचा साधू ख्रिस्ती धर्म सांगायला आपली माणसं घेऊन इंग्लंडमधल्या केंटच्या किनाऱ्याजवळच्या थॅनेट बेटावर उतरला. केंटचा राजा एथेलबर्ट त्याला भेटायला आला पण छपराखाली बसायला तयार होईना, उघड्यावरच बसला, कारण हे परके लोक जादूटोणा करतील आणि बंद घरात तो जास्त लागेल अशी त्याला भीती. ऑगस्टीनचं बोलणं ऐकून झाल्यावर तो म्हणतो की तुमचं बोलणं गोड आहे पण आम्हांला नवीन आहे, लगेच मानता येणार नाही, तरी तुम्ही लांबून आलात तर तुम्हांला त्रास देणार नाही, उलट चांगलं ठेवून घेऊ. बीड नावाच्या इंग्रज साधूने हा प्रसंग ७३१ मध्ये लॅटिनमध्ये लिहिला, तिथे 'बेनिग्नो' शब्द आहे, आणि त्याचं पुढे जुन्या इंग्रजीत भाषांतर झालं तेव्हा भाषांतरकाराने तिथे 'फ्रेम्सुम्लिचे' वापरला. आता कुठल्याही कोशात याचा अर्थ 'दयाळूपणे' असाच मिळेल. पण लगेच पुढे राजा काय म्हणतो बघा: तुमच्या जेवणाखाण्याची सोय आम्ही बघतो. आणि खरंच कँटरबरीत जागा दिली, शिधा दिला. म्हणजे इथली दया म्हणजे मन द्रवणं वगैरे काही नाही, त्याचं मन तर घाबरलेलं होतं, छपराखाली यायला तयार नव्हता! दया म्हणजे राहायला जागा आणि पोटाला अन्न.

मला या शब्दाबद्दल सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट हीच. 'फ्रेमे' आणि त्याचं सगळं घराणं भावनेवर नाही, परिणामावर मोजलं जातं. समोरच्याचं काही पुढे सरकलं का? सरकलं असेल तर फ्रेमे, नाहीतर नाही. आज आपण 'काइंडनेस' म्हटलं की एक हळवी, मऊ भावना डोळ्यांपुढे आणतो, आणि कोशात 'काइंडनेस' लिहिलेलं दिसलं की ती भावना सगळी त्या जुन्या शब्दावर लादतो. खुद्द 'काइंडनेस'सुद्धा तेव्हा तसा नव्हता, तो 'काइंड' म्हणजे कुळ, जात, निसर्ग यावरून आलाय, आपल्या रक्ताच्या माणसाशी जसं साहजिक वागतो तसं वागणं एवढाच त्याचा पाया. आणि 'ॲडव्हांटेज' तर अजून गंमतीचा आहे, तो फ्रेंच 'अवाँ' वरून, ज्याचा अर्थ पुढे, समोर. (मधला ड सोळाव्या शतकात लोकांनी चुकून घातला, लॅटिन 'अॅड' असेल असं समजून.) म्हणजे फ्रेंचांनी पण 'पुढे' वरूनच फायद्याचा शब्द केला आणि इंग्रजांनी पण, एकमेकांना न विचारता.

अशी जोडी अजून एक आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॅटिनमध्ये 'प्रोदे' म्हणजे उपयोगी. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'प्रू' झाला, ज्याचा एक अर्थ फायदा आणि दुसरा शूर, लायक. इंग्रजीत त्या शूरवरून 'प्राउड' म्हणजे गर्विष्ठ आला, आणि त्या फायद्यावरून 'प्राउ' हा शब्द आला जो चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्या कोंबडा-कोंबडीच्या गोष्टीत भेटतो: कोंबड्याला वाईट स्वप्न पडतं आणि कोंबडी म्हणते पोट साफ नाही तुमचं, गावात वैद्य नसला म्हणून काय झालं, मी दाखवते तुम्हांला झाडपाला, तुमच्या तब्येतीसाठी आणि 'प्राउ'साठी. 'इम्प्रूव्ह' पण त्यातलाच, मुळात जमिनीतून फायदा काढणे. आता जर्मनकडे बघा. 'फ्रेमे'चा जर्मन भाऊ 'फ्रोम', त्याचा जुना अर्थ कामाचा, शूर, सरळ, आणि आजचा अर्थ धार्मिक, देवभोळा. म्हणजे उपयोगी या एका अर्थापासून निघून एका भाषेत गर्विष्ठ आणि दुसऱ्या भाषेत देवभोळा! जर्मन लोक अजून 'नुट्स उंड फ्रोमेन' असा जोडशब्द वापरतात, आपल्या 'हिताला नि फायद्याला' सारखा, तिथे जुना अर्थ टिकलाय. डॅनिश-नॉर्वेजियनमध्ये 'फ्रेम्मे' म्हणजे चालना देणे, रोजच्या वापरात आहे.

बरं, तुमच्या मजकुराकडे येते. 'फ्रेमे' दया की फायदा हे ठरवताना मी तीन गोष्टी बघते. एक म्हणजे क्रियापद. 'करणे' असेल आणि कर्ता माणूस किंवा देव असेल तर देणाऱ्याची बाजू, तिथे उपकार, भलेपणा. 'होणे', 'येणे', 'वळणे' अशी क्रियापदं असतील तर घेणाऱ्याची बाजू, लाभ. दुसरं म्हणजे ज्याचं भलं होतंय तो वाक्यात आहे का. जुन्या इंग्रजीत तो चतुर्थीत असायचा, विभक्तीवरून लगेच कळायचं, पण बाराव्या-तेराव्या शतकात विभक्त्या झिजल्या, मग 'टू' नाहीतर नुसतं 'हिम' (त्याला), 'हेम' (त्यांना) एवढ्यावरून ओळखायचं. तिसरं, जोडीला कुठला शब्द आलाय. या काळातल्या प्रवचनांना जोडशब्दांची भयंकर हौस, आपले दगाफटका, मानपान आहेत ना, तसं त्यांचं चालतं, आणि शेजारी नुकसान किंवा पाप असा विरुद्ध शब्द असेल तर मग प्रश्नच मिटतो.

पण खरं सांगू का, मराठी करताना हे ठरवायची फारशी गरजच नाही, कारण आपल्याकडे 'भलं' आहे. भलं करणं म्हणजे उपकार, भलं होणं म्हणजे लाभ, शब्द तोच राहतो आणि क्रियापद सगळं काम करतं, अगदी 'फ्रेमे'सारखं. मी पूर्वी वर्गात 'हित' सांगायचे पण तो जरा सभेतल्या भाषणातला वाटतो, 'कल्याण' फार देवळातला, आणि 'फायदा' किंवा 'नफा' घातला की दुकानाचा वास येतो. औषधाबद्दल असेल तर 'गुण' वापरा, "औषधाचा गुण आला", तिथे पण बघा चांगुलपणा आणि उपयोग एकाच शब्दात आहेत. आणि आपल्याकडे फायदा आणि दया वेगळे आहेत असं तुम्ही म्हणालात त्याला माझा थोडा विरोध आहे: 'माया' शब्द घ्या, आजीची माया पण आणि "त्याने नोकरीत बरीच माया जमवली" पण.

'हित'चं नाव निघालंच आहे तर एक सांगते, मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी घरी सगळ्यांना सांगत सुटले होते. हित हे संस्कृत 'धा' धातूचं रूप, धा म्हणजे ठेवणे. तोच धातू लॅटिनमध्ये 'फाकेरे' म्हणजे करणे असा झाला, आणि 'बेने' (चांगलं) त्याला जोडून 'बेनेफाक्तुम', त्याचं फ्रेंचमध्ये 'बियाँफे', त्याचं इंग्रजीत चौदाव्या शतकात 'बेनफेत', आणि शेवटी 'बेनिफिट'. म्हणजे 'बेनिफिट'मधला 'फिट' आणि आपला 'हित' हे लांबचे भाऊ आहेत, आणि इंग्रजी 'डू', 'डीड' पण त्याच घरातले. ऑफिसात एचआरवाले बेनिफिट्स म्हणतात तेव्हा अर्ध्या शब्दात हितच म्हणत असतात.

आणि हा 'बेनफेत' इथे महत्त्वाचा आहे कारण 'फ्रेमे'ची जागा घेणाऱ्यांत तो पण एक. सुरवातीला त्याचा अर्थ सत्कृत्य, उपकार एवढाच होता, चौदाव्या शतकातल्या लँगलंडच्या 'पीअर्स प्लोमन' या काव्यात तो त्याच अर्थाने येतो, आणि लाभ हा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणजे तो नवीन शब्द पण दयेकडून फायद्याकडे चालत गेला. मला यावरून वाटतं की ही सरक शब्दाची नाहीच, माणूस उपकाराकडे कसं बघतो त्याची आहे, पण हे माझं मत झालं.

'फ्रेमे' का गेला? १०६६ नंतर कोर्टातली, दरबारातली मोठी माणसं सगळी फ्रेंचमध्ये बोलायला लागली, जमिनीचे कागद लॅटिनमध्ये नाहीतर फ्रेंचमध्ये व्हायला लागले आणि फायद्या-तोट्याची भाषा ही शेवटी कागदाची भाषा. 'प्रॉफिट', 'अवांटाज', 'बेनफेत' एकामागून एक आले. दयेच्या बाजूला 'काइंडनेस', 'ग्रेस', 'बाउंटी' होतेच. दोन्ही बाजूंनी जागा गेली आणि पंधराव्या शतकापर्यंत 'फ्रेमे' जवळजवळ दिसेनासा झाला.

पण एक भाऊ जगला, आणि तो तुमच्या भिंतीवर आहे. जुन्या इंग्रजीत 'फ्रमियन' म्हणजे फळणे, पुढे जाणे. त्यात डेन्मार्क-नॉर्वेकडून येऊन उत्तर इंग्लंडमध्ये वसलेल्या लोकांचा 'फ्रामी' म्हणजे प्रगती, नावलौकिक हा शब्द मिसळला. त्यावरून फायदा होणे, मग तयारी करणे, मग घरासाठी लाकूड तासून तयार करणे, मग लाकडाचा सांगाडा उभा करणे, आणि त्यातून चौकट. आजचा 'फ्रेम' तो हा, फोटोची फ्रेम, चष्म्याची फ्रेम. यॉर्कशरच्या बोलीत अजून कोणी रेंगाळत असेल तर त्याला 'फ्रेम' म्हणतात, म्हणजे चल, लाग कामाला, तिथे हजार वर्षांपूर्वीचा 'पुढे सरक' जसाच्या तसा ऐकू येतो.

हाच उत्तरेकडचा शब्द नाम म्हणून ज्याच्याकडे दिसतो तो ऑर्म माझा फार लाडका आहे. बाराव्या शतकातला साधू, बहुतेक लिंकनशरमधल्या बोर्न इथल्या मठातला. त्याने आपल्या भावाच्या, वॉल्टरच्या सांगण्यावरून चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या बायबलच्या पाठांवर इंग्रजी पद्यात प्रवचनं लिहिली, आज त्यातल्या एकोणीस हजारच्या आसपास ओळी उरल्यात, ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत ते हस्तलिखित आहे. उच्चार चुकू नये म्हणून ऱ्हस्व स्वरानंतरचं व्यंजन तो दोनदा लिहितो, सबंध पुस्तकभर, न कंटाळता, आणि फ्रेंच शब्द जवळजवळ वापरतच नाही. सुरवातीला तो भावाला म्हणतो की तुला वाटलं हे काम "टिल मिकेल फ्रामे" वळेल, जर इंग्रज लोकांनी ख्रिस्ताच्या प्रेमाखातर ते मनापासून शिकून घेतलं तर. मिकेल म्हणजे मोठं. आता सांगा, हा फायदा की दया? वॉल्टरची लोकांबद्दलची माया आहे, लोकांना होणारा लाभ पण आहे. मी याचं मराठी "त्यातून लोकांचं मोठं भलं होईल" असंच करते.

जुनं काव्य वाचणार असाल तर 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजीतल्या वीरकाव्यात एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवते. तिसऱ्याच ओळीत "एल्लेन फ्रेमेदोन" आहे, पराक्रम केले, तिथे 'फ्रेम्मन' नुसतं 'तडीला नेणे', दया-फायदा काही शोधू नका. पण १९३२ व्या ओळीत एका राणीला 'फ्रेमु' म्हटलंय, आणि त्याच ओळीत तिच्या भयंकर अपराधाचा उल्लेख आहे, तिच्याकडे नजर वर करून बघणाऱ्या माणसांना ती ठार करवायची. अशा बाईला भली कसं म्हणायचं? कोणी म्हणतं इथे विशेषण आहे आणि अर्थ श्रेष्ठ किंवा करारी, कोणी म्हणतं ती पुढे लग्नानंतर सुधारली त्याची ही आगाऊ सूचना, आणि काही अभ्यासकांनी तर 'फ्रेमु' हे तिचं नावच आहे असं मांडलंय. मला नावाचा मुद्दा पटतो, कारण बाकी दोन्हींत शब्द फार ताणावा लागतो.

शेवटी शोधाशोधीबद्दल. मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश, २००१ मध्ये पूर्ण झालेला, ऑनलाइन फुकट आहे, आणि जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ-टॉलर हा कोश पण. पण फक्त एका स्पेलिंगने शोधू नका. दक्षिणेकडच्या हस्तलिखितांत सुरवातीच्या फ चा व होतो, म्हणून तिथे 'व्रेमे' असेल, पश्चिमेकडे 'फ्रेओमे' पण मिळतो आणि उत्तरेकडे 'फ्रामे'. आणि 'फ्रेम्दे'पासून जपा, दिसायला अगदी सख्खा भाऊ पण अर्थ परका, अनोळखी, तो 'फ्रम'च्या 'पासून दूर' या बाजूने आलाय. शिकत असताना मी एका परीक्षेत 'फ्रेम्दे माणूस' याचं भाषांतर परोपकारी माणूस असं केलं होतं, पुढच्या चार ओळींचा अर्थ लागेना तरी तोच धरून बसले, आणि तो बिचारा दारात उभा असलेला परका वाटसरू होता, उपकाराची गरज त्यालाच होती. तुमच्या प्रवचनात शब्दाच्या शेवटी द आहे का तेवढं हस्तलिखिताच्या छापील प्रतीत एकदा तपासून घ्या, आणि नसेल तर बिनधास्त 'भलं' लिहा.